डावे दात

रोसामेलची करवत माझ्या बाकावर आली
पोत्यात गुंडाळून, घोड्याच्या पाठीवरून.
दारातच बूट पुसत तो म्हणाला,
"एर्मेलिंदा, हिला वाईट वळण लागलंय.
सरळ धरली तरी उजवीकडेच ओढते."

मी आधी बाकीचंच बघते.
दुखतं तिथे माणूस लगेच हात लावू देत नाही,
यंत्रही नाही.

टाकीचं झाकण उघडून वास घेतला:
पन्नासाला एक, तेलाचं माप बरोबर,
पेट्रोल मागच्या उन्हाळ्यातलं शिळं नाही.
एअर फिल्टर खोक्यावर आपटला:
कोइवे झाडाचा तांबूस भुसा, थोडी राख,
आणि एक भुंगा, पंख मिटून मेलेला.
प्लगचं टोक चहाच्या रंगाचं,
म्हणजे इंजिनाची काही तक्रार नाही.
पट्टीची खाच पत्र्याने कोरली,
काळं लोणी निघालं, तेलाचं भोक मोकळं झालं.
मग पट्टी उलटी करून बसवली,
झीज दोन्ही काठांना सारखी मिळावी म्हणून.

बाहेर जून. आमच्या पालेना खोऱ्यात
जून म्हणजे ऐन थंडी,
आणि गावातलं प्रत्येक धुराडं
अजून न फोडलेल्या लाकडांची वाट बघणारं.

ब्रेक पुढे ढकलला, चोक ओढला,
मागच्या मुठीत बूट रोवला.
दोरीच्या दुसऱ्या हिसक्याला ती खाकरली,
चौथ्याला बोलू लागली.
लेंगाच्या ओंडक्यात घातली तर
अर्ध्यावर काप वाकला,
सांगता सांगता विषय बदलावा तसा.
धारदार साखळीतून गाजरासारखा कीस पडतो,
बोथटीतून पीठ.
माझ्या बुटांवर पडत होतं
थोडं हे, थोडं ते.

मग भिंग लावून दात बघितले.
उजवे अठरा: एका आईची लेकरं.
डावे अठरा: एक लांब, एक आखूड, एकाची कड गोल,
कानस कुठे चढलेली, कुठे घसरलेली,
अंधारात कुणी सही करावी तशी.

रोसामेल दोन्ही हातांनी कानस चालवतो
हे खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक.
उजवे दात उजव्या हाताने, डावे डाव्याने.

"मातेला पाणी उकळलंय," मी म्हटलं, "घे ओतून."
त्याने शेगडीवरची किटली उचलली
डाव्या हाताने, लोखंडी कडीला धरून.
"अरे, कापड!"
तो सावकाश ओतत राहिला. किटली खाली ठेवली.
मग हाताकडे बघितलं,
शेजाऱ्याचा कुत्रा आपल्या अंगणात आल्यासारखं.
चार बोटं दुसऱ्या पेरापर्यंत पांढरी,
मेणबत्त्या.

तेवीस हिवाळे पुढची मूठ त्याच हातात होती.
दिवसभराची थरथर लाकडात जाते म्हणतात.
सगळी नाही जात.

मी काही बोलले नाही. साखळी शिकंज्यात घेतली.
कानस पुढे ढकलायची, मागे येताना उचलायची.
सर्वांत आखूड दात शोधायचा
आणि बाकी पस्तीसांना त्याच्याइतकं व्हायला लावायचं;
चांगल्यांनाही झिजावं लागतं, इलाज नाही.
मधल्या उंचवट्यांवरून एक हलका हात.
साखळी ताणली, बोटाने ओढून सोडली,
ती टचकन पट्टीला बिलगली.

ओंडका आता सरळ चिरला गेला.
रोसामेलने कीस मुठीत घेतला,
उजव्या मुठीत.

"डावी बाजू इथून पुढे मी करीन," मी म्हटलं,
"दर बुधवारी आण."
"साखळीची ना?"
"साखळीचीच."

बिलात लिहिलं: कानस, फिल्टर साफ.
मुठीखालचे रबराचे गट्टू बदलले,
ते लिहिलं नाही.
जुने अजून एप्रनच्या खिशात आहेत.
थरथर शोषायला बसवलेले,
दगड झालेले.